आधी पाणी, मग तिंबणं, शेवटी मुरवणं: ६०६१ अ‍ॅल्युमिनियम कडक करण्याची कृती

पोलाद कडक करायचं तर लोहार ते लालभडक तापवतो आणि पाणी पाजतो. पाण्यातून वर आलं की कडक. ही सवय हाताला असेल तर अ‍ॅल्युमिनियम पहिल्याच दिवशी फसवतं. ६०६१ ही मॅग्नेशियम-सिलिकॉन घातलेल्या अ‍ॅल्युमिनियमची एक जात, आणि टी६ म्हणजे ती विरघळवून, पाण्यात बुडवून, मंद आचेवर कडक केलेली अवस्था. बाजारातून आणलेली ६०६१ ची टी६ कांडी भट्टीत तापवून पाण्यात बुडवली, तर बाहेर येते ती आणली होती त्याहून मऊ. साधी कानस फिरवली तरी कळतं. मग ती तशीच टेबलावर पडू द्या. चार दिवसांनी थोडी कडक झालेली असेल. मंद आचेवर ठेवली, तर पुष्कळच.

१९०६ साली बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्म यांना नेमकं हेच दिसलं. तांबं आणि मॅग्नेशियम घातलेलं अ‍ॅल्युमिनियम पाण्यात बुडवून त्यांनी कडकपणा मोजला, तो काही खास नव्हता. दोन दिवसांनी पुन्हा मोजला, तर वाढलेला. यातून ड्युरॅल्युमिन आलं, झेपेलिन वायुनौकांचे सांगाडे त्याचे झाले. पण हे का घडतं ते कळायला १९३८ उजाडलं. फ्रान्समध्ये गिनिए आणि ब्रिटनमध्ये प्रेस्टन यांनी एकमेकांना न विचारता क्ष-किरणांनी दाखवून दिलं की मिसळलेल्या धातूंचे अतिसूक्ष्म पुंजके आत तयार होत असतात.

हा लेख इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट घेतलेल्यांसाठी, किंवा लॅबमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी आहे. हातात एक मफल फर्नेस (विजेची बंद भट्टी), एक हायड्रॉलिक प्रेस किंवा यूटीएम (धातू ताणून-दाबून पाहायचं यंत्र) आणि एक विकर्स मशीन (ठसा उठवून कडकपणा मोजणारं यंत्र) आहे, एवढं धरून चालतो. आपल्याला कांडी नुसती टी६ करायची नाही, त्याच्याही पुढे न्यायची आहे.

आत काय होतं, थोडक्यात

धातू वाकतो तेव्हा त्याच्या स्फटिकांतले थर एकमेकांवरून घसरतात. ही घसरण अडवली की धातू कडक. अडवायचे दोन मार्ग आपण वापरणार. एक, धातूचे दाणे बारीक करायचे, म्हणजे दाण्यांच्या सीमा वाढतात आणि घसरण प्रत्येक सीमेवर अडखळते. दोन, दाण्यांच्या आत मॅग्नेशियम-सिलिकॉनचे कण पेरायचे.

दुसरा मार्ग म्हणजे मुरवणं, इंग्रजी पुस्तकांतलं एजिंग. पहिल्या मार्गाची ओळख पुण्याच्या तांबट आळीत होते. तिथे मठारकाम करतात, म्हणजे घडवलेल्या भांड्यावर ठोके देत जातात. ते ठोके दिसायला छान दिसतात हे खरं, पण त्यांनी पत्रा कडकही होतो. अडचण अशी की ठोकून किंवा लाटून पत्रा पातळ होत जातो, आणि ठराविक मर्यादेनंतर ठोकायला जाडीच उरत नाही. मग आकार तोच ठेवून धातू आतून कसा रगडायचा? कणीक तिंबताना आपण हेच करतो. गोळ्याचा गोळाच राहतो, आतली ठेवण मात्र बदलते.

धातू तिंबायची युक्ती बेलारूसमधल्या मिन्स्कमध्ये व्लादिमीर सेगल यांनी १९७० च्या दशकात काढली. सारख्या जाडीची दोन भोकं काटकोनात मिळवायची, एकातून कांडी दाबून दुसरीतून काढायची. कोपरा ओलांडताना सगळी कांडी कातरली जाते, पण जाडी तीच, म्हणून पुन्हा घालता येते. याला ईसीएपी (इक्वल चॅनेल अँग्युलर प्रेसिंग) म्हणतात. लॅबमध्ये कोणी ‘इकॅप’ म्हणतं, कोणी नुसतं ‘पास मारणं’. १९९० च्या दशकात रशियातल्या उफा शहरातल्या रुस्लान वालिएव यांच्या कामानंतर जगभर याची लाट आली.

आता सगळ्या लेखाचं मर्म. या दोन मार्गांचं एकमेकांशी पटत नाही. कण पेरण्याआधी ते विरघळवावे लागतात, त्याला ५३०° सेल्सिअस लागतं, आणि एवढ्या उष्णतेत बारीक केलेले दाणे पुन्हा फुगतात. उलट, कण आधी पेरून मग कांडी दाबली तर ती इतकी ताठ असते की फाटते. म्हणून क्रम एकच: विरघळवा आणि पाण्यात टाका, लगेच दाबा, मग नेहमीपेक्षा कमी आचेवर मुरवा. नवशिके बहुतेक या क्रमाशीच खेळतात. मीही खेळलो होतो.

पहिली पायरी: कांडी

खिडक्यांच्या सेक्शनवाल्याकडे जाऊ नका, तिथे मिळतं ते ६०६३. त्यात मॅग्नेशियम-सिलिकॉन कमी असतं. आपल्याला ६०६१ हवं: मॅग्नेशियम ०.८ ते १.२ टक्के, सिलिकॉन ०.४ ते ०.८, शिवाय थोडं तांबं आणि क्रोमियम. दुकानदार ६०८२ सुद्धा ‘तेच आहे साहेब’ म्हणून देतो. वाईट नाही ते, पण त्यात मँगनीज जास्त, मग तुमचे आकडे पुस्तकाशी जुळणार नाहीत. टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) मागा, आणि टीसीवरचा हीट नंबर, म्हणजे ओतकामाच्या घाण्याचा क्रमांक, कांडीवरच्या शिक्क्याशी जुळतो का ते पाहा. शंका असेल तर स्पेक्ट्रो, म्हणजे आत कोणता धातू किती आहे याची तपासणी, करून घ्या. विदर्भातल्या मुलांना नागपूरच्या वाडी भागातलं जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र हाताशी आहे.

१० मिमी व्यासाच्या, ६०-७० मिमी लांबीच्या कांड्या टर्न करून घ्या. व्यास भोकापेक्षा पाच शतांश मिमी कमी ठेवा. घट्ट बसवलीत तर तेल लावायला जागा राहत नाही. सैल ठेवलीत तर पहिल्या पासला ती आधी फुगून भोक भरते आणि मगच वळते. पुढच्या टोकाला छोटा उतार द्या. निदान बारा कांड्या करा. सहा वाया जाणार आहेत.

दुसरी पायरी: पाणी

फर्नेस ५३०° ला लावा. पण फर्नेसच्या डब्यावर दिसतो तो आकडा तिच्या स्वतःच्या थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या तारेचा), तुमच्या कांडीचा नाही. एक वेगळा के-टाइप थर्मोकपल कांडीला टेकवून ठेवा. आमच्या जुन्या फर्नेसमध्ये दार आणि मागची भिंत यांत पंचवीस अंशांचा फरक निघाला होता. ६०६१ वितळायला लागतं ५८२° च्या आसपास, म्हणजे फार मोकळी जागा नाही. आणि अ‍ॅल्युमिनियम पोलादासारखं लाल होऊन इशारा देत नाही. चांदीसारखं दिसत राहतं आणि एकदम बसतं. त्यामुळे ‘गरम दिसत नाही’ म्हणून कुणी हात लावणार नाही, ही काळजी आधी.

कांडी ५३०° ला पोचल्यावर एक तास. घड्याळ फर्नेस पोचली तेव्हा नाही, कांडी पोचली तेव्हा सुरू करायचं.

पाण्याची बादली फर्नेसच्या दाराशी ठेवा. दार उघडल्यापासून कांडी पाण्यात जाईपर्यंत दहा सेकंदांच्या वर जाऊ देऊ नका. चिमटा आधी रिकाम्या हाताने दोनदा चालवून पाहा, कुठे अडतो ते कळतं. हळू गार झाली तर मॅग्नेशियम आणि सिलिकॉन वाटेतच दाण्यांच्या कडेला जमतात, तिथे त्यांचा काही उपयोग नाही. मे महिन्यात टाकीचं पाणी कोमट असतं, सकाळचं भरून ठेवा. कांडी पाण्यात हलवत राहा, नाहीतर वाफेचा थर तिला पांघरून बसतो.

नायट्रेटच्या मिठाच्या भट्टीत हे काम झटकन होतं, पण नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. त्यात पाण्याचा थेंब गेला की मीठ अंगावर उडतं.

बाहेर आलेली कांडी आता मऊ आहे, पण घड्याळ चालू झालेलं आहे. खोलीच्या तापमानालाही ती मुरायला लागते. त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात पहिला पास मारा. जमत नसेल तर फ्रीझरमध्ये ठेवा. यात नवल काही नाही. विमानांच्या कारखान्यांत २०२४ नावाच्या मिश्रधातूच्या रिव्हेट याच कारणासाठी बर्फात ठेवतात. मऊ आहेत तोवर ठोकायच्या, मग त्या आपोआप कडक होतात.

दोन कांड्या मात्र बाजूला काढा. एक आहे तशी ठेवा, दुसरी १७५° ला आठ तास ठेवून सरळ टी६ करा. हे तुमचे साक्षीदार. टी६ चा विकर्स आकडा साधारण १०७ यायला हवा. शंभरच्याही खाली आला तर दोष पुढच्या पायऱ्यांत शोधू नका. एक तर तापमान कमी पडलं, किंवा पाण्यात जायला उशीर झाला.

तिसरी पायरी: तिंबणं

डाय, म्हणजे कांडी ज्यातून दाबायची तो साचा, एच१३ या हत्यारी पोलादाची, दोन फाकांची, बोल्टने आवळलेली घ्या. अखंड डायमध्ये कांडी अडकली तर ती काढायला डाय कापावी लागते. भोकांमधला कोन ९०°, आणि बाहेरच्या कोपऱ्याला २०° ची गोलाई.

जोर किती लागेल? १० मिमी व्यासाचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस मिमी. पंचवर, म्हणजे कांडी ढकलणाऱ्या दांड्यावर, ८०० मेगापास्कल दाब धरला तर ६३ किलोन्यूटन, म्हणजे सहा-साडेसहा टन. म्हणून डाय आणि प्रेस कमीत कमी वीस टनांची घ्या. घर्षण वाढलं की आकडा पटकन चढतो. पंच आखूड ठेवा. लांब पंच वाकतो, आणि कडक पंच वाकण्याआधी तुटतो. प्रेससमोर जाड पॉलिकार्बोनेटची ढाल हवीच, यात तडजोड नाही.

मोलिब्डेनम डायसल्फाइडचं काळं ग्रीस भोकात आणि कांडीला लावा. हात दोन दिवस काळे राहतात. वेग सेकंदाला एक मिमी किंवा त्याहून कमी ठेवा. पहिली कांडी कोपऱ्यात जाऊन थांबते. तिला बाहेर ढकलायला मागून दुसरी कांडी लागते, म्हणून काम नेहमी ओळीने चालतं.

एका पासमध्ये साधारण १.०५ विकृती (स्ट्रेन) मिळते, चार पासमध्ये ४.२. हा आकडा पाठ करणाऱ्यांना त्याचं वजन कळत नाही, म्हणून असं सांगतो: सात सेंटिमीटरची कांडी ओढून तेवढीच विकृती द्यायची झाली, तर तिची साडेचार मीटरहून लांब तार होईल. इथे कांडी सात सेंटिमीटरचीच राहते. सुरुवातीला पन्नास-शंभर मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीएवढे असलेले दाणे चार ते आठ पासमध्ये अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास येतात.

प्रत्येक पासनंतर कांडी तिच्या अक्षाभोवती ९०° फिरवून घालायची, दर वेळी त्याच बाजूला. याला मार्ग बीसी म्हणतात. दाणे सगळीकडून सारखे होण्यासाठी हा सर्वांत बरा. फिरवायचं कशावरून? मागच्या टोकावर सेंटर पंचने कडेला एक टिंब उठवा. पण पंचच्या दाबाने टिंब पुसट होतं, म्हणून प्रत्येक पासनंतर पुन्हा उठवा आणि वहीत घड्याळाच्या काट्यांप्रमाणे लिहा: बारा, तीन, सहा, नऊ. मी पहिल्या खेपेला लिहिलं नव्हतं. ‘लक्षात राहील’ म्हटलं, आणि तिसऱ्या पासला चार कांड्या टेबलावर होत्या, चारही गोल, चारही काळ्या.

पहिल्या पासनंतर पुढचं टोक तिरकं होऊन येतं. ते कापा, कानस लावा, मगच पुढे. दर पासला पाच-सहा मिमी जाते, म्हणून सुरुवातीची लांबी कंजूषपणे ठेवू नका.

भेगा पडतात त्या वरच्या अंगाला, करवतीच्या दात्यांसारख्या एकसारख्या अंतराने. मी एकदा ‘आधीच कडक आहे, आणखी कडक होईल’ असा हिशोब करून टी६ कांडी सरळ डायमध्ये घातली. ती बाहेर आली तेव्हा मक्याच्या कणसासारखी दिसत होती. विरघळवलेली ताजी कांडी खोलीच्या तापमानाला पहिले दोन-तीन पास सहज घेते. पुढे भेग दिसली तर डायला हीटर-बँड लावून १००-१२५° करा, किंवा १२०° कोनाची डाय वापरा. तिथे दर पासला ०.६३ च मिळते, म्हणजे चारऐवजी सहा-सात पास. गरम डायमध्ये कांडी किती मिनिटं होती तेही लिहा, कारण तिथेही ती मुरत असते. डाय २००° वर नेली तर दाबणं सोपं जातं खरं, पण पुढच्या पायरीसाठी राखून ठेवलेलं मॅग्नेशियम-सिलिकॉन तिथेच खर्च होतं.

चौथी पायरी: मुरवणं

तिंबलेल्या कांडीचे पाच मिमी जाडीचे काप करा. कापताना पाणी सोडा. कोरड्या चाकावर कापलेला तुकडा हाताला चटका देतो, आणि तो चटका म्हणजेच नको असलेली भट्टी.

इथे टी६ चं १७५° विसरा. तिंबलेल्या धातूत दोष ठासून भरलेले असतात, त्यांच्या वाटेने अणू भराभर सरकतात, कण लवकर तयार होतात आणि लवकर जाड होतात. दुसरीकडे उष्णतेने ते दोष स्वतःच विरत जातात, म्हणजे तिंबून कमावलेला कडकपणा सुटत जातो. एक हात देतो, दुसरा काढून घेतो. १७५° ला काढून घेणारा हात जिंकतो. १००° ला देणारा. म्हणून १००° आणि दोन दिवसांपर्यंतची मुदत धरा.

मफल फर्नेस १००° ला नीट थांबत नाही, वीस अंश वरखाली झुलते. पंखा असलेली हॉट एअर ओव्हन घ्या. सगळे काप एकत्र घाला आणि २, ६, १२, २४, ४८ तासांनी एकेक काढा. वीज जाणार असेल तर त्या दिवशी सुरूच करू नका. प्रत्येक तुकड्याला मुरायला घातल्याची आणि काढल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी हवी.

कडकपणाचा वक्र आधी चढतो, एका शिखराला टेकतो, मग उतरतो. लोणच्यासारखंच, मुरायलाही एक वेळ असते. तुमचं शिखर कुठे आहे ते तुमच्या कांडीवर, तुमच्या पासवर ठरणार.

पाचवी पायरी: मोजणं, आणि एक सापळा

विकर्स, १ किलो भार, आडव्या कापावर. दर तुकड्याला निदान पाच ठसे, वरून खाली एका ओळीने. खालच्या कडेला, म्हणजे डायच्या बाहेरच्या कोपऱ्याकडच्या अंगाला, पहिल्या एक-दोन पासमध्ये आकडा कमी येतो. ती तुमची चूक नाही. कोपऱ्याला गोलाई दिली की तिथला धातू कमी कातरला जातो. पास वाढले की फरक मिटतो.

आता सापळा. पॉलिश करायला तुकडा बेकेलाइटमध्ये (तापवून-दाबून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकमध्ये) बसवायची सगळ्या लॅबची सवय असते. ती प्रेस चालते दीडशे अंशांच्या पुढे, आणि दहा-पंधरा मिनिटं. म्हणजे तुम्ही मोजण्याआधीच तुकडा मुरवता. दोन आठवडे माझा ‘न मुरवलेला’ तुकडा मुरवलेल्याच्या जवळपास आकडा देत होता, आणि मी यंत्राला दोष देत होतो. शेवटी लॅब असिस्टंट मामांनी विचारलं, “अरे, तू याला गरम मोल्ड करतोयस ना?” तेव्हापासून कोल्ड माउंट. त्यातही ॲक्रिलिकची पावडर पटकन घट्ट होताना बऱ्यापैकी तापते, संथ घट्ट होणारी इपॉक्सी घ्या.

कडकपणा हा निम्माच हिशोब. ताणून पाहा. ओ टेंपरमध्ये, म्हणजे पूर्ण मऊ केलेल्या अवस्थेत, ६०६१ चं यील्ड (कायमचं वाकायला लागण्याचा ताण) ५५ मेगापास्कलच्या आसपास असतं, टी६ मध्ये २७६. तिंबलेलं आणि मुरवलेलं याच्या चांगलंच वर जातं, पण एकसारखं लांबणं कमी होतं आणि मान लवकर पडते, म्हणजे एकाच जागी बारीक होऊन तुटायला लागतं. १००° च्या मुरवण्याचा एक फायदा असा की ताकद वाढतानाच गेलेलं लांबणं थोडं परत येतं. नुसतं तिंबून सोडलेल्या कांडीला ते जमत नाही.

याचा उपयोग कुठे, हा प्रश्न व्हायवाला (तोंडी परीक्षेला) येतोच. खिडकीच्या चौकटीला नाही. वेल्डिंग केलं की सांध्याजवळची सगळी मेहनत वाया गेली. दोनशेच्या पुढे तापणाऱ्या भागालाही नाही. अमेरिकेत हनीवेलने चिप बनवताना लागणाऱ्या स्पटरिंग टार्गेटसाठी (ज्यातून अणू उडवून चिपवर धातूचा पातळ थर देतात त्या तबकडीसाठी) ईसीएपी वापरलं, तिथे बारीक, एकसारखे दाणे हवे असतात. लांबलचक वस्तूसाठी दाबण्याऐवजी चाकाने ओढत नेणारी सलग पद्धतही निघाली आहे, पण ती लॅबच्या प्रेसवर होत नाही.

एक तुकडा मुद्दाम वाया घालवा

चार पास मारलेली, १००° ला शिखरापर्यंत मुरवलेली एक कांडी घ्या आणि तिचे दोन भाग करा. एक ठेवा. दुसरा पुन्हा ५३०° ला तासभर, पाण्यात, मग १७५° ला आठ तास. म्हणजे उलट क्रम. मोजा. साक्षीदार टी६ कांडीचा जो आकडा होता, जवळपास तोच येतो. मधले चार पास, काळे झालेले हात आणि तुटलेला एक पंच, यांची त्या तुकड्यात काही खूण उरत नाही. हे दोन भाग शेजारी-शेजारी इपॉक्सीत बसवून ठेवा. व्हायवाला परीक्षकांनी ‘सोल्युशनायझिंग (म्हणजे विरघळवणं) शेवटी का नाही केलं?’ असं विचारलं, की पुढे सरकवायला तेवढे पुरतात.